नाताळच्या आधीची मुंबई: कॉफी, गारवा आणि भिजत घातलेले मनुके

नाताळात मुंबईला जाऊन आलेले पुष्कळजण भेटतात. त्यांच्या बोलण्यात वांद्र्याची गर्दी असते, हिल रोडवर अडकलेली रिक्षा असते आणि केकच्या दुकानाबाहेरची रांग असते. माझं सांगणं वेगळं आहे. नाताळ यायला अजून तीन-चार आठवडे आहेत, अशा वेळी जा. ऑक्टोबरचा उकाडा सरलेला असतो. सकाळी ओढणी खांद्यावर नीट लपेटून घ्यावीशी वाटते, कॉफीचा गरम पेला हातात धरून बसायला बरं वाटतं. ज्या घरांत नाताळ व्हायचा असतो तिथे तयारीला हात लागलेला असतो, पण माणसांना अजून तुमच्याशी बोलायला सवड असते. ही सवड २४ तारखेला कुणाकडेच नसते.

मी आणि माझा नवरा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूरहून गेलो. मुक्काम माटुंग्याला ताईकडे. तिकिटं सिद्धेश्वर एक्सप्रेसची, वेळेत काढलेली, प्रवास झोपेत झाला.

गुरुवार: माटुंगा

सकाळी दादरला उतरलो तेव्हा फलाटावर छान गार वारा होता. सोलापूरची थंडी कोरडी, तिने ओठ फुटतात. मुंबईची ओलसर आणि मऊ असते, आणि फार थोडा वेळ टिकते. साडेनऊ-दहापर्यंत जो काही गारवा मिळेल तो मिळेल. म्हणून या दिवसांत मुंबईत फिरायचं असेल तर लवकर उठायला पर्याय नाही. आम्ही सगळे बेत सकाळीच उरकायचे ठरवले आणि ते फार सोयीचं पडलं.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. ताईने घट मांडून, फळं-फुलं ठेवून पूजेची तयारी केली होती, घरात उदबत्तीचा वास होता. तिचा उपवास. आमच्या माहेरी उपवासाच्या सकाळी चहाऐवजी कॉफी व्हायची, ती रीत ताईने अजून जपली आहे. दुधातली, गोड, आणि वरून ताजं किसलेलं जायफळ. ही कॉफी कडक नसते, कॉफीच्या जाणकारांना ती कॉफी वाटणारही नाही. पण गार सकाळी जायफळाचा वास नाकात गेला की डोळे आपोआप मिटतात. भाऊजी म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या घरी पोल्सनची कॉफी यायची. पोल्सन आपल्या लक्षात राहिलं ते लोण्यामुळे, पण त्या मुंबईकर पारशी उद्योगाची सुरुवात कॉफी दळण्यापासून झाली होती.

नाश्त्याला आम्ही दोघंच बाहेर पडलो. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलभोवती, म्हणजे आताच्या माहेश्वरी उद्यानाभोवती, दक्षिणेकडून आलेल्या लोकांनी गेल्या शतकात जी खाणावळींची आणि उपाहारगृहांची दुनिया उभी केली ती अजून जोमात आहे. कॅफे म्हैसूर १९३६चं, रामाश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं. आम्ही कॅफे मद्रासच्या रांगेत नाव दिलं आणि समोरच्या फुटपाथवर कोवळ्या उन्हात उभे राहिलो. उन्हात उभं राहावंसं वाटणं हीच मुंबईत वर्षातून मोजके आठवडे मिळणारी गोष्ट आहे.

टेबल एका वयस्क काकांबरोबर वाटून घ्यावं लागलं आणि ते आमचं भाग्य ठरलं. मूळचे पालघाटचे, जन्म माटुंग्याचा, मराठी अगदी स्वच्छ. त्यांनी कॉफी दवऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये, म्हणजे उभ्या पेल्यात, आणि टंबलरमधून दवऱ्यात अशी उंचावरून ओतून दाखवली. घाई न करता, एक थेंब न सांडता. "आधी साखर न हलवता एक घोट घ्या," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मग ठरवा हलवायची का." नवरा चहाचा माणूस. त्याने घोट घेतला, थांबला, आणि साखर तशीच तळाला राहू दिली. काका खूश झाले. घरी फिल्टर असेल तर काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. पहिल्या पाण्याचा जो अर्क उतरतो तो पाहुण्यांसाठी. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून जो येतो तो घरच्यांसाठी.

तिथून थेट म्हैसूर कन्सर्न्समध्ये. दुकान सापडायला पत्ता लागत नाही, वासामागे चालत जायचं. बिया भाजणं आणि दळणं तिथेच चालतं. काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो चिकोरीचा: घालायची का, आणि घातली तर किती. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिने अर्काला काळा रंग आणि दाटपणा येतो, कडवटपणा वाढतो, आणि कॉफी स्वस्त पडते. काही लोक तिला भेसळ मानतात. मला तसं वाटत नाही. दुधातल्या फिल्टर कॉफीला ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी हे प्रमाण सुरेख लागतं. मात्र दुधाशिवाय पिणार असाल तर चिकोरी नको. आम्ही दोन्ही प्रकार घेतले. चिकोरीशिवायची घेतली ती पीबेरीची. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, कधीकधी एकच गोल बी तयार होते, ती पीबेरी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलचा फिल्टर मिळतो, दोघांसाठी लहान पुरतो. वरच्या भांड्यात तीन भरलेले चमचे पावडर, वरून ती छिद्रांची चकती हलकेच दाबायची, उकळतं पाणी गोल फिरवत ओतायचं आणि झाकण लावून वीस मिनिटं विसरून जायचं. दूध ताजं तापवलेलं हवं. पावडर एका वेळी पंधरा दिवसांचीच घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. आणखी एक: माटुंगा नावाची दोन स्थानकं आहेत. मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड, आणि त्याशिवाय हार्बरचं किंग्ज सर्कल. कुठे उतरणार ते आधी नीट बघा. मध्य रेल्वेचं माटुंगा स्थानक २०१७पासून सर्वस्वी महिला कर्मचारी चालवतात. तिकीट खिडकीपासून फलाटापर्यंत सगळीकडे बायका कामावर बघून मला मनापासून आनंद झाला.

संध्याकाळी ताईच्या पूजेला आलेल्या बायकांमध्ये तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण होती, वांद्र्याची, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. हळदीकुंकू झालं, गप्पा नाताळवर आल्या, आणि तिने आम्हाला शनिवारी घरी बोलावलं. "माझ्या सासूबाई कुलकुल, म्हणजे आमचा नाताळचा गोड फराळ, करायला बसणार आहेत. हात जास्त असले तर बरं," ती म्हणाली. या सहलीत हे आमच्या बेतात नव्हतं.

शुक्रवार: गिरगाव आणि फोर्ट

सकाळी आठच्या आत गिरगावातल्या खोताच्या वाडीत पोचलो. लाकडी जिने, पुढे आलेले सज्जे, कौलं, आणि एका माणसाने दुसऱ्याला वाट द्यावी लागेल एवढ्या गल्ल्या. एका दारावर कागदी चांदणी लागली होती, पलीकडच्या दारावर दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवला नव्हता. लोक इथे राहतात, म्हणून आवाज खाली ठेवून चालायचं आणि कुणाच्या दाराचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. एका आजींना विचारलं तर त्यांनी खुशाल काढा म्हणून सांगितलं, आणि पंधरा डिसेंबरनंतर या, तेव्हा सगळी वाडी उजळते, असं आमंत्रणही दिलं.

गिरगावहून हुतात्मा चौकापर्यंत नव्या भुयारी मेट्रोने गेलो. पाचेक मिनिटांत फोर्ट.

सेंट थॉमस कॅथीड्रल मी इतक्या वर्षांत आतून पाहिलं नव्हतं. चर्चगेट स्थानकाला ज्या वेशीचं नाव मिळालं ती किल्ल्याच्या तटातली वेस याच चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावर होती. मुंबईतलं हे पहिलं अँग्लिकन चर्च उपासनेसाठी उघडलं तो दिवस २५ डिसेंबर १७१८. म्हणजे या इमारतीचा वाढदिवसच नाताळ. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, आत उंच छताखाली थंडावा होता. भिंतींवर संगमरवरी स्मारकशिळा आहेत. समुद्रात बुडालेले, तापाने गेलेले, विशीत-तिशीत इथेच राहिलेले कितीतरी. एक सेवक पुढच्या बाकांची पितळी मूठ पुसत होता. म्हणाला, रविवारपासून आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ सुरू, म्हणून सफाई.

तिथून काळा घोडा. केनेसेथ एलियाहू हे १८८४चं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याच्या आसपास हल्लीच्या पद्धतीची कॉफीगृहं. त्यातल्या एकात बसलो. कॉफी बनवणारी मुलगी मूळची देवरुखची. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून ती स्वतःच पुढे आली. नवऱ्याने विचारलं, यातली दुधाशिवाय कुठली प्यावी? तिने चिकमगळूरच्या मळ्यातली एक निवडली, काट्यावर पंधरा ग्रॅम पावडर घेतली, कागदी गाळणीत टाकली, आधी थोडंसंच पाणी घालून ती फुगू दिली आणि मग बारीक धारेने अडीचशे ग्रॅम पाणी तीन मिनिटांत ओतलं. पेल्यात आली ती काळी नव्हतीच, लालसर होती, आणि चवीला संत्र्याच्या सालीची आठवण देणारी.

त्या मुलीने जे सांगितलं ते मला फार आवडलं. चिकमगळूरला आणि कोडगूमध्ये अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी नोव्हेंबरात सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. फळं एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हापुन्हा जाऊन लाल झालेली तेवढीच हाताने तोडायची. मग साल काढणं, आंबवणं, धुणं, आठवडाभर किंवा जास्त वाळवणं. आज आपण पितो ते गेल्या हिवाळ्याचं पीक. या वर्षीचं आत्ता, या क्षणी, तिथल्या अंगणांत वाळत पडलेलं असेल आणि आपल्या पेल्यात येईल ते उन्हाळ्याच्या तोंडावर. बाबा बुदान नावाच्या सूफी फकिराने सतराव्या शतकात मक्केहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आज बाबा बुदानगिरी म्हणतात. देवरुखच्या मुलीने तो डोंगर पाहिला आहे. "एकदा तोडणीच्या वेळी जा ताई," ती म्हणाली, "मग कॉफी टाकून द्यायला हात धजत नाही."

मुंबईचं आणि कॉफीचं नातं या परिसरात जुनं आहे. इंडिया कॉफी हाउसची देशातली पहिली शाखा १९३६ साली चर्चगेटला उघडली होती. जहांगीर कलादालनातलं समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं, त्याची हळहळ ताई अजून करते.

दुपारी मात्र उन्हाने हैराण केलं. हे आधी माहीत असलेलं बरं. या दिवसांत सकाळचे वारे जमिनीकडून, उत्तर-पूर्वेकडून येतात, म्हणून पहाट गार. पण तेच वारे दिवस वर आल्यावर तापतात. समुद्रावरचा वारा सुरू व्हायला जितका उशीर तितकी दुपार गरम, आणि पारा सहज ३३-३४ अंशांवर जातो. त्या दिवशी अडीचच्या सुमाराला खारा वारा आला आणि दहा मिनिटांत हवा बदलली. रात्रीचंही असंच: कुलाबा समुद्राने वेढलेला, म्हणून तिथली पहाट सांताक्रूझपेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असते. खरा गारवा हवा तर मुक्काम उपनगरात करा. स्वेटरचं ओझं नको, सुती कपडे आणि एक पातळ शाल एवढं पुरतं. पहाटे धुरकट हवा असते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फेरफटका उजाडल्यावर थोड्या वेळाने ठेवावा.

वारा आल्यावर चालत धोबीतलावला कयानीत गेलो, हे १९०४चं इराणी हॉटेल. मावा केक, ब्रून मस्का. इथे चहाच प्यावा, तिथे तो शोभतो. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह. या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्यामुळे साडेपाचला कठड्यावर जागा धरून बसायचं. हिवाळ्यात इथे उत्तरेकडून येणारे समुद्रपक्षी पाण्यावर उतरले होते. शेजारी बसलेलं एक कॉलेजचं जोडपं त्यांची नावं शोधत होतं.

शनिवार: वांद्रे

हा दिवस माझ्या मनात सगळ्यांत जास्त राहिला आहे.

हिल रोडवर सकाळी दहालाच चांदण्यांचे स्टॉल लागले होते. कागदी, प्लास्टिकच्या, आत दिवे सोडायच्या, लाल, पांढऱ्या, सोनेरी. विकणारा मुलगा म्हणाला, दिवाळी संपेपर्यंत कंदील, मग चांदण्या, मग संक्रांतीला पतंग. त्याचं वर्षाचं पंचांग असं. आम्ही एक पांढरी घडीची चांदणी घेतली. सोलापूरपर्यंत न चुरगळता न्यायची म्हणून त्याने ती दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून दिली. भाव आत्ताच करून घ्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच वस्तू बरीच महाग होते, असं त्यानेच सांगितलं.

ताईच्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं, म्हणजे आंटींचं घर रनवार या जुन्या वस्तीच्या बाजूच्या एका गल्लीत. सगळे त्यांना आंटी म्हणतात, आम्हीही म्हटलं. एकमजली जुनं घर, पुढे ओटा, ओट्यावर तुळशीसारखी उंच कुंडी आणि बाजूला क्रूस. आमच्याशी मराठी, सुनेशी मराठी-इंग्रजी, नातवाशी इंग्रजी, आणि शेजारच्या आंटी आल्या की दोघींची आपली खास ईस्ट इंडियन मराठी, जिच्यात आगरी-कोळी वळणं स्पष्ट ऐकू येतात. साष्टी-वांद्र्याचे हे मूळ रहिवासी. पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झाले, पण शेत, भात, मासळी आणि भाषा इथलीच राहिली. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. घरात आंटींच्या सासूचं लुगडं अजून नीट घडी करून ठेवलेलं आहे, ते त्यांनी मला उलगडून दाखवलं.

मी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी नेल्या होत्या. आंटींनी भाकरीचा तुकडा तिथेच मोडून चटणीबरोबर खाल्ला आणि डबा कपाटात आपल्या हाताने ठेवला.

मग कुलकुल. मैद्यात थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, किंचित मीठ घालून पीठ मळून ठेवलेलं होतं. सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर दाबून चपटी करायची आणि गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी होते. तळायची, साखरेच्या पाकात घोळवायची. टेबलाभोवती आम्ही सगळे बसलो: आंटी, सून, शेजारच्या आंटी, दहा वर्षांचा नातू, मी आणि माझा नवरा. नवऱ्याला शंकरपाळी लाटायची सवय, पण ही वळी जमायला त्याला थोडा वेळ लागला, आणि नातवाने त्याला फार गंभीरपणे शिकवलं. ही पहिली खेप घरात खायची. वाटण्यासाठीची २० तारखेनंतर होणार.

चुलीवर पेरूचं चीज आटत होतं. पेरूचा गर, साखर, लिंबू, शेवटी लोण्याचा गोळा, आणि कढईच्या कडेपासून सुटेपर्यंत सतत ढवळणं. पेरूचा हंगाम आत्ता, म्हणून हे आत्ता. आंटींचा सगळा नाताळ असा हंगामाने बांधलेला आहे. बाटली मसाला एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या आणि पंचवीसेक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा, तो वर्षभर पुरतो. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा संपली की मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल रममध्ये भिजत घालायची. केक डिसेंबरच्या मध्यावर.

त्यांनी ती बरणी उघडून माझ्या नाकाशी धरली. दोन महिने भिजलेल्या मनुक्यांचा वास शब्दांत आणणं मला जमणार नाही. केकचा मसाला विचारला तर त्यांनी फळीवरून एक छोटी किसणी आणि जायफळ काढलं. दालचिनी, लवंग, आणि हे. "जायफळ आधी किसून ठेवायचं नाही, त्याचा जीव जातो." गुरुवारी ताईनेही हेच सांगितलं होतं, कॉफीच्या संदर्भात. मी आंटींना आमच्या जायफळाच्या कॉफीबद्दल सांगितलं. त्यांनी ती कधी प्यायली नव्हती.

जेवायला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले हलके गोळे, आणि बाटली मसाला घातलेली कोंबडीची खुडी. भाजलेल्या खोबऱ्याचा तो रस्सा फुग्यात मुरतो आणि हात थांबत नाही. बरोबर लग्नाचं लोणचं, त्यात कच्ची पपई, गाजर आणि खारीक.

दुपारी चारला आंटींनी कॉफी केली. इन्स्टंट कॉफी आणि साखर, चमचाभर पाणी, आणि कपात ते मिश्रण पांढरट होईपर्यंत फेटणं. हे काम नातवाकडे. मग आंटी उठल्या, ती जायफळाची किसणी घेऊन आल्या आणि प्रत्येक कपावर चिमूटभर किसलं. एक घोट घेतला. "हे दरवर्षी करायचं," त्या सुनेला म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की काय बोलावं सुचेना.

गोठ्याची तयारी नातवाने दाखवली. येशूजन्माचा देखावा मांडायचा, त्यात हिरवं गवत हवं, म्हणून परातीत माती घालून नाचणी पेरायची. बारा-पंधरा डिसेंबरला पेरली की नाताळपर्यंत बोटभर उगवते. माझ्या नवऱ्याने त्याला आमच्या नवरात्रातल्या घटाभोवती उगवणाऱ्या धान्याबद्दल सांगितलं, फोटो दाखवले. दोघांनी किती पाणी घालायचं यावर बरीच चर्चा केली. गोठ्यात मेरी, जोसेफ, गाय, मेंढरं आधी येतात. गव्हाण मात्र रिकामी राहते. बाळ तिथे ठेवायचं ते २४च्या मध्यरात्री.

संध्याकाळी माउंट मेरीला गेलो. आजची बॅसिलिका १९०४ची. जत्रेच्या वेळी इथे मुंगीला वाट नसते, आज निवांत. बाहेरच्या स्टॉलवर मेणाची घरं, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं. ज्याचा जो नवस. मेणबत्त्या लावणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. आम्हीही एक लावली. उतरून बँडस्टँडला आलो तर वारा चक्क बोचरा होता, शाल काढावी लागली.

एक सूचना: रनवार, चॅपल रोड ही राहती वस्ती आहे, पायीच हिंडा. वांद्रे स्थानकाबाहेरून रिक्षा घेण्यापेक्षा हिल रोडपर्यंत बसने या, शनिवारी तेच लवकर होतं.

रविवार: आगमनकाळाचा पहिला दिवस

रेल्वेच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असल्याने वांद्र्याला टॅक्सीने गेलो. रविवारी लोकलने कुठेही जायचं असेल तर आदल्या रात्री वेळापत्रक बघाच.

या मुक्कामातली सगळ्यांत गार सकाळ. ताईच्या खिडकीच्या काचेवर चक्क बाष्प होतं, रस्त्यावर कानटोप्या दिसत होत्या. आंटींनी त्यांच्या चर्चमध्ये मराठी मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बोलावलं होतं. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ तो आगमनकाळ. वेदीशेजारी हिरव्या डहाळ्यांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढत जाते, गुलाबी तिसऱ्या रविवारी. फादरांचा झगाही जांभळा. पहिली मेणबत्ती सहा-सात वर्षांच्या एका मुलीने लावली. काडी दोनदा विझली, सगळं चर्च शांतपणे थांबलं, तिसऱ्यांदा पेटली. प्रवचन वाट पाहण्याबद्दल होतं. साध्या, घरगुती मराठीत.

जायचं असेल तर इतकंच लक्षात ठेवा: मागच्या बाकांवर बसावं, लोक उभे राहतील तेव्हा उभं राहावं, मोबाइल बंद. शेवटी प्रसादासाठी रांग लागते, तो पवित्र भाकरीचा संस्कार फक्त त्यांच्या धर्मियांसाठी असतो. त्या वेळी जागेवर बसून राहायचं, कुणाला काही वाटत नाही.

बाहेर आवारात महिला मंडळाने केक आणि कॉफीचं टेबल लावलं होतं. मोठ्या किटलीतली दुधाची कॉफी, कागदी पेले, आणि उन्हाच्या पट्ट्यात जागा मिळवायला सगळ्यांची हसत चाललेली धडपड. एक काका म्हणाले की यंदा थंडी लवकर आली. दुसऱ्यांनी १९६२चा जानेवारी काढला, जेव्हा सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर गेला होता. तेव्हा ते शाळेत होते आणि त्यांच्या आईने पोत्यात शेकोटीचे निखारे घालून... पुढचं त्यांच्या बायकोने बोलू दिलं नाही. निघताना आंटींनी बाटली मसाल्याची एक बाटली पिशवीत घातली आणि केकची कृती कागदावर लिहून दिली. साखर काळसर होईपर्यंत जाळायची आणि त्यात गरम पाणी लांबून, बेताने घालायचं, कारण ते उडतं, हे त्यांनी खाली दोन रेघा मारून लिहिलं आहे.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: ६ डिसेंबरच्या आगेमागे दादर आणि शिवाजी पार्क परिसरात महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. त्या दिवसांत दर्शनाला जायचं असेल तर वेगळा दिवस राखून ठेवा, तिथले पुस्तकांचे स्टॉल बघण्यासारखे असतात. कॉफी आणि नाताळच्या फेरफटक्यासाठी त्याआधीचा किंवा नंतरचा आठवडा घ्या.

रात्री सिद्धेश्वर पकडली. सोमवारी दुपारीच नवरा बाजारातून मनुके, बेदाणे, खजूर आणि रमची छोटी बाटली घेऊन आला. आंटींना फोन करून विचारलं, इतक्या उशिरा भिजवलं तर चालेल का? त्यांनी सांगितलं, चालेल, फक्त बारीक चिरून घाल, बरणी रोज एकदा हलव आणि उघडून सारखी बघत बसू नकोस. केक २० तारखेला भाजायचा आहे. ताई आणि भाऊजी २४ला सकाळी येतायत. येताना त्यांना माटुंग्याहून पीबेरी आणायला सांगितली आहे, अर्धा किलो, चिकोरीशिवाय.